पंचावन्न किलोमीटर, नऊ तास

हॉस्टेलमध्ये 'ट्रिप' या शब्दाची व्याख्या पक्की आहे. रात्री साडेअकराला कुणीतरी कॉरिडॉरमध्ये ओरडतं, "चला रे!" बाराला पेट्रोल पंप, पहाटे कुठल्यातरी घाटात चहा, आणि चार दिवस सलग सुट्टी मिळाली तर गोवा. किती किलोमीटर मारले आणि किती तासांत मारले, हे दोनच आकडे परत आल्यावर मेसमध्ये सांगायचे असतात. "नाशिक-गोवा नॉनस्टॉप" अशी फुशारकी मारणाऱ्या एका सीनियरला मी सहज विचारलं होतं, वाटेत काय काय लागलं? त्याने बराच वेळ आठवलं आणि म्हणाला, "टोल."

आमची गेल्या ऑक्टोबरातली ट्रिप या व्याख्येत बसत नाही. आम्ही पाच जण, दोन बाइक आणि एक अ‍ॅक्टिव्हा. अंतर साधारण पंचावन्न किलोमीटर, वेळ नऊ तास, ठिकाण विंचूर. मेसमध्ये हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "गाडी पंक्चर झाली होती का?" आणि दुसरा, "विंचूरला काय आहे?"

गंमत अशी, की हा दुसरा प्रश्न आम्हाला निघण्याआधी आमच्या रूममेटनेही विचारला होता. आणि तो स्वतः विंचूरचा आहे.

रूममेटचं नाव लिहीत नाही, त्याची तशी सक्त ताकीद आहे. फर्स्ट इयरला सगळ्यांनी ओळख करून दिली तेव्हा तो "नाशिक" म्हणाला होता. मी डोंबिवलीचा, मला काय फरक पडतो? पण पुढे कुणाच्यातरी हातात त्याचा फॉर्म लागला. मु. पो. विंचूर, ता. निफाड. झालं! त्या दिवसापासून तो 'विंचू'. आणि सुट्टीवरून परत येताना त्याच्या बॅगेला कांद्याचा वास येतो म्हणून कधी 'कांदा', कधी 'गोल्टी'. (बारीक कांद्याला गोल्टी म्हणतात हे आम्हाला त्यानेच सांगितलं होतं. बिचाऱ्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.) यात मीही होतो, हे लिहून टाकतो. तो हसायचा, त्यामुळे आम्हाला वाटायचं त्यालाही मजा येतेय.

पाचव्या सेमिस्टरला इंडस्ट्रियल व्हिजिटचे पैसे गोळा व्हायला लागले तेव्हा यादीत त्याच्या नावापुढे रेघ होती. विचारलं तर म्हणाला, "घरी काम आहे." कॉलेजात हे वाक्य ज्याने एकदा तरी उच्चारलंय त्याला त्याचा अर्थ माहीत आहे. आम्ही अजून खोदलं असतं तर तो चिडला असता, म्हणून कुणीतरी विषय बदलायचा म्हणून बोलून गेलं, "मग आम्हीच येतो तुझ्या घरी. काम करायला." तो आधी हसला, मग म्हणाला, "काय बघणार तिथे? कांदे?"

गुरुवारी सबमिशन संपलं. शुक्रवारी सकाळी सातला निघालो.

नियम एकच ठरवला होता. ज्याला थांबावंसं वाटेल त्याने हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचं, कारण विचारायचं नाही. वेग ठरवायची गरजच नव्हती, कारण अ‍ॅक्टिव्हावर आमच्यातले दोघे भरभक्कम गडी होते आणि चाळीसच्या पुढे ती गाडी नुसती आवाज करत होती.

नांदूर नाका सोडला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या. पहिला हात तिथेच वर झाला. ऑक्टोबर म्हणजे छाटणीचे दिवस. पानं उतरवलेल्या नुसत्या काड्या, त्यांना कात्री लावणारी माणसं, आणि मागोमाग डोळ्यांना पेस्ट लावत जाणाऱ्या बायका. आम्हाला वाटायचं झाड वर्षातून एकदा छाटतात. रूममेटने तोंड उघडलं ते इथे. द्राक्ष हे मूळचं थंड प्रदेशातलं झाड; तिकडे ते हिवाळ्यात आपोआप झोपी जातं. आपल्याकडे त्याला झोप लागत नाही, म्हणून माणसाला ते काम करावं लागतं. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरातली गोडी छाटणी फळासाठी. बागेचं वय छाटणीपासून मोजतात. "बाग कितव्या दिवसावर आहे?" असा प्रश्न दोन शेतकरी एकमेकांना विचारतात, तारीख कुणी विचारत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत परतीचा पाऊस आला की कोवळ्या फुटव्यावर डावणी येतो. हे सगळं तो इतक्या सहज बोलला की आमच्यातला एक जण म्हणाला, "अरे, तू व्हायव्हात असा का नाही बोलत?"

चांदोरीला गोदावरीकाठी अर्धा तास बसलो. नाशिकला पूर आला की बातमीत चांदोरी-सायखेडा ही जोडी हमखास असते. पाणी उतरलं की उन्हाळ्यात नदीच्या पात्रातली जुनी देवळं उघडी पडतात. आम्ही गेलो तेव्हा नदी भरलेली होती. आमच्यातला सिव्हिलवाला घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाणी कुठवर चढत असेल याचा अंदाज बांधत बसला. त्याला तिथून उठवायला वेळ लागला.

निफाडला मिसळ खाल्ली. निफाड आपल्याला माहीत असतं ते डिसेंबरात, पारा घसरल्याच्या बातमीमुळे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म इथला, १८४२ सालचा. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा आणि शेतीच्या अर्थकारणाचा इतका खोल विचार करणारा माणूस याच तालुक्यात जन्मावा, हा योगायोग मला मिसळ खाताना काही वाटला नाही. दुसऱ्या दिवशी लिलावात उभा असताना वाटला.

निफाडहून उजवीकडे दहा-बारा किलोमीटर आत नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, मागे पाणी साठलं, आणि वर्षानुवर्षं गाळ येत राहिला. जलाशय म्हणून त्याची साठवण गाळाने खाल्ली. पण त्याच गाळाची बेटं झाली, पाणवनस्पती आल्या, मग पक्षी आले, आणि जानेवारी २०२० मध्ये ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. आमच्या सिव्हिलवाल्याचं म्हणणं, हे इंजिनीअरिंगचं अपयश आहे. मेकॅनिकलवाल्याचं म्हणणं, असं अपयश अजून चार ठिकाणी यायला हवं. थंडीचे पाहुणे अजून पुरते आले नव्हते, तरी जांभळ्या पाणकोंबड्या भरपूर होत्या. मनोऱ्यावर तासभर बसलो. मोबाइलला रेंज असूनही कुणी काढला नाही, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

परत महामार्गाला लागलो. नैताळे आलं. इथल्या मतोबाच्या यात्रेबद्दल रूममेट लहान मुलासारखा बोलत सुटला. रेवड्या, पाळणे, तमाशाचे तंबू. पुढे विंचूरच्या अलीकडे एमआयडीसीचं वाइन पार्क. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि इथे वायनरी उभ्या राहिल्या. नाशिक म्हणजे देशाची वाइन राजधानी वगैरे आपण पाहुण्यांना ऐकवतो, पण २००८-०९ च्या मंदीत बऱ्याच छोट्या वायनरी बसल्या, त्यांना द्राक्षं घालणारे शेतकरीही त्यांच्याबरोबर बसले, हे कुणी ऐकवत नाही. आत गेलो नाही. आमच्या खिशात तेवढे पैसे नव्हते आणि रूममेटच्या गावात तोंडाला वास घेऊन शिरायची हिंमतही नव्हती.

चार वाजता विंचूरच्या तीन पाटीवर गाड्या लावल्या. एक रस्ता येवल्याकडे जातो, एक आम्ही आलो तो नाशिकचा, आणि तिसरा लासलगावकडे. त्या तिसऱ्या रस्त्याकडे हात करून रूममेट म्हणाला, "हा विंचूर-प्रकाशा. सटाणा, ताहाराबाद करत पार तापीपर्यंत जातो. नंदुरबार जिल्ह्यात." थोडं थांबून, "सुरुवात आमच्या इथून." तीन वर्षांत 'आमच्या इथून' हे शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

विंचूर हे नाव पुण्याच्या माणसाला माहीत असतं ते विंचूरकर वाड्यामुळे. सदाशिव पेठेतल्या या वाड्यात लोकमान्य टिळक राहत होते. १८९२ साली स्वामी विवेकानंद तिथेच त्यांच्याकडे उतरले. १८९४ साली टिळकांनी तिथे सार्वजनिक गणपती बसवला. पण वाड्याला ज्यांचं नाव, ते विंचूरकर म्हणजे मूळचे दाणी, आणि विंचूर हा त्यांना मिळालेला जहागिरीचा गाव. विठ्ठल शिवदेव हे त्यांच्यातले मोठे सरदार, पानिपतावर होते. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या बाजूला राहून गोल सांभाळायचा सोडून त्यांच्या घोडदळाने घाईने हल्ला केला आणि व्यूह मोडला, असा दोष इतिहासकार त्यांना देतात. गावातल्या जुन्या तटाजवळ उभं राहून आम्ही यावर वाद घातला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला घाई केली म्हणून नावं ठेवणारे आम्ही, स्वतः व्हायव्हाच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणारे! असो. तटाच्या आडोशाला गाईम्हशी बांधल्या होत्या, पोरं क्रिकेट खेळत होती, आणि एका आजोबांनी आम्हाला विचारलं, "कोणाकडं आले?" रूममेटने वडिलांचं नाव सांगितलं. "मंग इथं काय करता? घरी घेऊन जा त्यांना. चहापाणी कर."

हा प्रश्न आपल्याला शहरात कुणी विचारत नाही. कोणाकडे आलात?

घर गावाबाहेर, मळ्यात. काकूंनी (रूममेट त्यांना आई म्हणतो, वडिलांना नाना) आधी पाणी दिलं, मग चहा, मग "जेवायला वेळ आहे, तोवर पोहे खा." नाना चाळीत होते. आम्ही तिकडेच गेलो.

मित्रांनो, कांद्याची चाळ आपल्यापैकी कितीजणांनी आतून बघितली आहे? मी तरी बघितली नव्हती. लांबच लांब शेड, वर पत्रा, दोन्ही बाजूंना पट्ट्यांच्या भिंती, मधून चालायला वाट. जमीन उचललेली, खालून वारा शिरायला मोकळी जागा. कांद्याचा थर पाच फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर खालचा दबतो आणि गरम होतो. चाळ एक पाखी असेल तर उत्तर-दक्षिण, दोन पाखी असेल तर पूर्व-पश्चिम. नाना हे सगळं सांगत होते आणि आमचा मेकॅनिकलवाला मान डोलवत होता. शेवटी हळूच मला म्हणाला, "हे नॅचरल कन्व्हेक्शन आहे रे. मागच्या सेमला यावर मी केटी खाल्लीय."

ऑक्टोबर म्हणजे उन्हाळ कांद्याचा शेवट. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला कांदा चाळीत सहा महिने काढतो, आणि त्या सहा महिन्यांत तो तीन बाजूंनी कमी होतो. पाणी उडून वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. तीस-चाळीस टक्के गेला तरी त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. नाना चाळीच्या एका टोकाला थांबले, नाक वर केलं, आणि म्हणाले, "इथं आत गेलाय." वरून सगळा ठणठणीत दिसत होता. फावड्याने हात-दीड हात आत काढल्यावर काळा पाणी सुटलेला कांदा निघाला.

आमच्याच डिपार्टमेंटमधल्या एका ग्रुपने मागे फायनल इयरला 'कांदा साठवणुकीतील सड ओळखणारी यंत्रणा' असा प्रोजेक्ट केला होता. बोर्ड, गॅस सेन्सर, मोबाइलवर मेसेज. प्रेझेंटेशन झकास झालं. डेमोला प्लॅस्टिकच्या डब्यात मेसमधले चार कांदे ठेवले होते. एक्स्टर्नलने विचारलं, चाळीत सेन्सर किती लागतील आणि ते कुठे बसवणार? उत्तर आलं, "फ्यूचर स्कोप, सर." त्या ग्रुपमधल्या एकानेही चाळ बघितली नव्हती. चाळ कॉलेजपासून फार लांब होती असंही नाही. सगळ्यात वाईट गोष्ट मला नानांसमोर उभं असताना आठवली: तो प्रोजेक्ट चालू होता तेव्हा आमचा रूममेट शेजारच्या खोलीत राहत होता. त्याला कुणी काहीच विचारलं नाही. आणि त्यानेही काही सांगितलं नाही, कारण आम्ही त्याला 'कांदा' म्हणत होतो.

रात्री जेवताना पिठलं, भाकरी, ठेचा, आणि वर कांदा फोडून. आम्ही पाहुणे म्हणून काकूंनी वेगळं काही केलं नाही, किंवा केलं असेल तर आम्हाला कळू दिलं नाही. जेवण झाल्यावर नाना आणि रूममेट यांच्यात हळू आवाजात एक बोलणं झालं. उरलेला माल उद्याच न्यायचा की दिवाळीपर्यंत थांबायचं? थांबलं तर भाव चढेलही, पण तोवर सडही वाढेल, आणि दिवाळीनंतर नवा लाल कांदा यायला लागतो. "तुझी फी कधीपर्यंत?" असं नानांनी विचारलं. रूममेटने आमच्याकडे न बघता तारीख सांगितली. निर्णय झाला. आपण फीच्या रांगेत उभे राहतो तेव्हा लेट फी लागेल म्हणून कुरकुरतो. त्या तारखेवर कुणाच्यातरी घरी चाळ उघडते, हे मला माहीत नव्हतं.

सकाळी ट्रॉली भरायला आम्ही हात लावला. फार कामाला आलो असं म्हणवत नाही. निवडताना चांगला आणि जोड कांदा आम्हाला ओळखू येईना, तेव्हा काकूंनी आम्हाला पाट्या उचलायला लावलं.

लासलगाव बाजार समिती १९४७ सालची. कांद्याची आशियातली सर्वात मोठी बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतात. तिचं एक उपबाजार आवार विंचूरलाच आहे. आवारात ट्रॅक्टर ओळीने उभे. व्यापाऱ्यांचा घोळका आणि लिलाव पुकारणारा माणूस एकेका ट्रॉलीपाशी येतो, दोन-चार हात मालात जातात, कांदा दाबून बघितला जातो, आकडे चढतात, थांबतात, चिठ्ठी लिहिली जाते, घोळका पुढे. मी घड्याळ लावलं होतं. नानांच्या ट्रॉलीला एक मिनिटही लागलं नाही. चार महिने शेतात, सहा महिने चाळीत, आणि पन्नासेक सेकंद इथे. बरं, मालाची किंमत सांगण्याचा अधिकार या सगळ्यात एकाच माणसाला नव्हता, तो म्हणजे ज्याचा माल त्याला. आपण हॉस्टेलमध्ये दहा रुपयांचं पेन विकत घेतो त्याच्यावरही छापलेली किंमत असते.

भाव काय फुटला ते लिहीत नाही, रूममेटने नको म्हणून सांगितलंय. "सेमिस्टरची फी निघाली आणि वर थोडं राहिलं, एवढंच लिही," म्हणाला. वजनकाटा झाला, व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी झाली, वांधा निघाला नाही. वांधा म्हणजे लिलाव झाल्यावर, माल ओतल्यावर, 'खालचा माल वरच्यासारखा नाही' म्हणून भाव कमी करणं. वांधा निघाला नाही हाच त्या दिवशीचा नफा, असं नाना म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

रस पिताना रूममेट क्रिकेटचे स्कोअर सांगावेत तसं सांगत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिलं. १ एप्रिल २०२५ ला शुल्क गेलं. प्रत्येक तारखेला घरात काय झालं, हे त्याला पाठ होतं. कोणत्या वर्षी मोटर बदलायची राहिली, कोणत्या वर्षी बहिणीचं लग्न पुढे गेलं. २०१८ सालच्या नोव्हेंबरात याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले, किलोला दीड रुपयासुद्धा नाही, आणि त्याने ते पैसे मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिले. आम्ही ती बातमी तेव्हा मोबाइलवर वाचली असेल, बोटाने वर सरकवली असेल.

दुपारी लासलगावला गेलो, कारण रूममेटला आम्हाला एक इमारत दाखवायची होती. भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र, नाव 'कृषक', २००२ साली सुरू झालेलं. आत कोबाल्ट-६०. गॅमा किरणांचा हलका डोस दिला की कांद्याला कोंब फुटत नाहीत. आंब्याला किडीसाठी त्याहून बराच मोठा डोस लागतो, आणि २००७ साली अमेरिकेने आपला आंबा पुन्हा घ्यायला सुरुवात केली तेव्हा तो इथून किरण घेऊन गेला होता. म्हणजे हापूस कोकणचा, पण व्हिसा लासलगावचा! बाहेरूनच बघितलं. मी विचारलं, मग सगळा कांदा इथे का आणत नाहीत? रूममेटचं उत्तर: "कोंब थांबतो. सड थांबत नाही, वजन थांबत नाही. आणि आणायचं, न्यायचं, द्यायचं, हा खर्च कोणी सोसायचा?" इतका नेमका प्रॉब्लेम स्टेटमेंट आम्हाला तीन वर्षांत कुणी दिला नव्हता.

आता मुद्द्यावर येतो, कारण हा लेख नुसतं प्रवासवर्णन म्हणून दिला तर संपादक मंडळ तो कापेल.

आपली इंडस्ट्रियल व्हिजिट. मागच्या वर्षीची आठवा. पाच दिवसांची सहल, त्यात कारखाना दीड तास. त्या दीड तासातला अर्धा तास हेल्मेटवाटपात, पंधरा मिनिटं ग्रुप फोटोत. रिपोर्ट सीनियर्सचा उतरवलेला. त्यात ज्या मशीनचं वर्णन होतं ते मशीन आम्हाला तिथे दिसलंही नाही. बाकी साडेचार दिवस बर्फ. मला बर्फाचं वावडं नाही. सहलीला सहल म्हणा आणि खुशाल जा, मीही येईन. पण जी सक्तीची आहे, जिची अटेंडन्स धरली जाते, तिला हजारो रुपये लागतात आणि ज्याला ते जमत नाहीत त्याच्या नावापुढे रेघ येते, हे काही बरोबर नाही. त्यातही ज्याच्या नावापुढे रेघ आली, त्याच्याच घरी जाऊन आम्ही दोन दिवसांत थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रक्चर्स, इन्स्ट्रुमेंटेशन आणि अर्थशास्त्र बघून आलो. पाच जणांचा खर्च मिळून पेट्रोल, दोन मिसळीची बिलं (एकाने दोनदा खाल्ली) आणि येताना घेतलेले पेढे.

म्हणून माझं म्हणणं असं: दर डिपार्टमेंटने वर्षातून एक व्हिजिट हॉस्टेलमधल्याच कुणाच्यातरी गावाला काढावी. रमतगमत, लाल डब्याने किंवा सायकलने, वाटेत थांबत. आपल्या हॉस्टेलमध्ये येवल्याचे पैठणीवाले आहेत, मालेगावच्या पॉवरलूमवाल्यांची मुलं आहेत, ओझरच्या एचएएलमधल्या फिटरचा मुलगा आहे, सिन्नरचा विडीकामगाराचा मुलगा आहे. ते सगळे स्वतःची ओळख 'नाशिक' अशी करून देतात.

हे मी स्टाफरूममध्ये बोललो तेव्हा तीन हरकती आल्या. एक, विद्यापीठाला इंडस्ट्रीचं पत्र लागतं. बाजार समितीचं पत्र चालेल का, हे कुणी विचारून बघितलेलं नाही. दोन, मुलींचं काय? रास्त हरकत आहे. आमच्यासारखी पाच पोरं कुणाच्याही ओट्यावर झोपतात, चाळीस मुलामुलींची सोय तशी होणार नाही. एका दिवसात जाऊन येण्यासारखी गावंच निवडावी लागतील, मॅडम सोबत लागतील, आणि ज्याच्या घरी जायचं त्याच्यावर जेवणाचा भार पडता कामा नये. तीन, एक सर म्हणाले, "अरे, पण ज्याच्या गावाला जायचं त्याला ते आवडेल का? सगळ्यांसमोर आपलं घर दाखवायला?" या हरकतीवर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. रूममेटला विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही बघायला आला असता तर नसतं आवडलं. तुम्ही पाट्या उचलल्या."

त्याने नंतर असंही सांगितलं, की पहिल्या दिवशी चांदोरीपर्यंत त्याच्या पोटात गोळा होता, आणि आपण रस्ता चुकून येवल्याला पोचलो तर बरं, असं त्याला वाटत होतं.

येवल्याला आम्ही गेलोच नाही. अजून पंचवीस किलोमीटर पुढे, तात्या टोपेंचं गाव, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती मुक्तिभूमी. सगळं एका दमात उरकायचं नाही हे ठरलेलं होतं. मुक्तिभूमीला दोन तास देऊन निघणं आमच्यापैकी एकाला अजिबात मान्य नव्हतं. ती ट्रिप तो स्वतः काढणार आहे.

अर्ज एचओडी सरांकडे दिला आहे. त्यांनी तो वाचला, ठेवून घेतला आणि विचारलं, "रिपोर्ट कोण लिहिणार? की सीनियर्सचा उतरवणार?" यावर आम्ही पाचही जणांनी सह्या केल्या आहेत.

काकूंनी दिलेली कांद्याची गोणी आमच्या खोलीत दाराशी आहे. वास येतो अशी तक्रार रेक्टर सरांकडे गेली होती. सर आले, वास घेतला, आणि जाताना दोन किलो घेऊन गेले. गोणी जमिनीवर ठेवू नका, खाली विटा लावा, हवा खेळली पाहिजे. ज्यांना लिलाव बघायला जायचं असेल त्यांनी रूममेटला आधी विचारा. रविवारी आवार बंद असतं, आणि माल भरायच्या दिवशी गेलात तर पाट्या उचलायची तयारी ठेवा.